बॅटरी बदलण्याआधी

गाडी सकाळी सेल्फ घेत नाही, तेव्हा पहिला संशय बॅटरीवर जातो आणि पहिला खर्चही तिच्यावरच होतो. नवी बॅटरी बसते, काही दिवस गाडी ठणठणीत चालते आणि एका सकाळी पुन्हा तीच कटकट. मग कुणीतरी म्हणतं, अल्टरनेटर बघा. तोही बदलला जातो. कधी त्यानं भागतं. कधी त्यानंही भागत नाही, कारण खरा दोष वायरीच्या टोकाच्या हिरवट पडलेल्या एका लगमध्ये किंवा सैल बेल्टमध्ये असतो. मोटारीच्या दुरुस्तीत लोकांचे इतके पैसे विनाकारण जाणारी दुसरी जागा मला माहीत नाही, आणि ते वाचवता येतात याबद्दल माझी खात्री आहे. कसे वाचवायचे, यावर मात्र कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गाळ्यात दोन जाणकारांचं पटत नाही.

मामा ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. अँबेसिडर आणि फियाटचे डायनामो उघडता उघडता शिकलेले. त्यांची भाची ऑटोमोबाइल इंजिनिअर. ती एका सर्व्हिस वर्कशॉपमध्ये बिघाड शोधण्याचंच काम करते आणि सुट्टी असली की मामांच्या गाळ्यावर येते. अशाच एका दिवशी मी तिथं असताना समोर एक जुनी डिझेल जीप उभी होती. दिवसभर चालते, रात्रभर उभी राहिली की बॅटरी उतरते, अशी तक्रार. बॅटरी नवी होती. मामांनी ती आदल्या संध्याकाळी चार्जरवर लावली, सकाळी गाडीला जोडली, आणि त्यानंतर बराच वेळ कुणी किल्लीला हात लावला नव्हता.

मामा: मीटर राहू दे. आधी हात लाव. इंजिन कसं आहे?

भाची: गार.

मामा: आणि अल्टरनेटर?

भाची: गरम लागतोय.

मामा: उभ्या गाडीत गरम. आता हा स्क्रू ड्रायव्हर घे आणि मागच्या बेअरिंगजवळ ने.

भाची: ओढून धरतोय. म्हणजे किल्ली काढलेली असताना रोटरला करंट मिळतोय.

मामा: झालं निदान. डायोड बसलाय. आता तू काय मोजणार?

भाची: रोटरला करंट मिळतोय एवढंच चुंबकानं सांगितलं. तो कुठून येतोय आणि किती येतोय, हे नाही सांगितलं. किल्लीचा रिले चिकटून राहिला आणि डी प्लसच्या वायरनं करंट आत जात राहिला, तरी स्क्रू ड्रायव्हर थोडाफार ओढला जाईल. मग आपण चांगला अल्टरनेटर उघडून बसू.

मामा: तसं होतं कधीतरी. पण तेव्हा एवढा गरम होत नाही.

भाची: हे तुमच्या हाताला कळतं, मामा. गिऱ्हाइकाला कसं दाखवणार?

तिनं क्लॅम्प मीटर बॅटरीच्या अर्थिंगच्या केबलभोवती लावला. ३.१ अँपिअर. गाडी बंद, किल्ली खिशात, दिवे बंद. तशा गाडीनं २० ते ५० मिलिअँपिअर घ्यायला हवेत, घड्याळ आणि तत्सम गोष्टींसाठी. मग तिनं निगेटिव्ह टर्मिनल काढलं, अल्टरनेटरची डी प्लसची, डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या दिव्याकडे जाणारी बारीक वायर सोडवून तिला टेप गुंडाळली आणि टर्मिनल परत लावलं. मीटर ३.१ वरच. पुन्हा टर्मिनल काढून या वेळी बी प्लसची, बॅटरीकडे जाणारी जाड वायर सोडवली. आता मीटर जवळजवळ शून्यावर. म्हणजे करंट दिव्याच्या किंवा किल्लीच्या बाजूनं जात नव्हता. जाड वायरनंच उलटा अल्टरनेटरमध्ये शिरत होता.

भाची: तीन अँपिअर धरा. दहा तास गाडी उभी राहिली की तीस अँपिअर-तास गेले. बॅटरी पन्नासची. सकाळी उरलेल्यात सेल्फ कटकट करणारच. बॅटरी नवी असो नाहीतर जुनी.

मामा: हे मला आधीच ठाऊक होतं.

भाची: तुम्हाला होतं. ज्यानं यांना बॅटरी विकली, त्याला नव्हतं.

भाचीचं इथलं म्हणणं मला पूर्ण पटतं. अनुभवी माणसाचा अंदाज बरोबर येतो, पण तो त्या माणसाबरोबरच राहतो. ३.१ हा आकडा गाडीचा मालक लिहून घेऊ शकतो, दुसऱ्या गॅरेजला दाखवू शकतो, दुरुस्तीनंतर पुन्हा मोजायला सांगू शकतो.

तरी पुढचा धागा मामांनीच पकडला. त्यांनी जीपच्या ड्रायव्हरला विचारलं, "किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो का?" ड्रायव्हर म्हणाला, "अजिबात लागत नाही, म्हणून तर अल्टरनेटर चांगला आहे असं वाटलं." पुष्कळ लोकांची हीच समजूत असते, म्हणून त्या दिव्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. जुन्या धाटणीच्या अल्टरनेटरमध्ये या दिव्याचं एक टोक किल्लीतून बॅटरीला जोडलेलं असतं आणि दुसरं अल्टरनेटरच्या डी प्लसला. इंजिन बंद असताना डी प्लसवर व्होल्टेज नसतं. त्यामुळे किल्ली फिरवताच दिव्यातून करंट रोटरच्या कॉइलकडे जातो, दिवा लागतो आणि रोटरमध्ये सुरुवातीचं चुंबकत्वही त्यातूनच तयार होतं. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर वीज देऊ लागला, की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं. करंट वाहायचं कारण उरत नाही आणि दिवा विझतो.

मामा: म्हणजे किल्ली लावल्यावर तो दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब गेलाय, नाहीतर वायर तुटलीय, नाहीतर डी प्लसवर आधीच व्होल्टेज बसलंय. या जीपमध्ये डायोडमधून बॅटरी थेट डी प्लसपर्यंत पोचलीय. दिव्याच्या दोन्ही टोकांना बारा-बारा. कुठून लागणार?

भाची: बल्ब गेलेला नाही हे कशावरून?

मामा: ही बघ, डी प्लसची सोडवलेली वायर. किल्ली चालू कर, मी हिचं टोक इंजिनला टेकवतो.

दिवा लख्ख लागला. बल्बही ठीक, वायरही ठीक. या चाचणीला मीटर लागलं नाही आणि ती मीटरच्या चाचणीइतकीच पक्की होती.

भाची: चालू इंजिनमध्ये तोच दिवा मंद पेटत राहिला तर?

मामा: मंद म्हणजे दोन टोकांत थोडा फरक राहिलाय. डायोड, नाहीतर कुठंतरी खराब जोड. लख्ख पेटला तर चार्जिंगच नाही. मग बेल्ट, कार्बन, रेग्युलेटर, याच क्रमानं बघायचं. बेल्ट बाहेरून दिसतो, म्हणून आधी तो.

ड्रायव्हरनं आणखी एक गोष्ट सांगितली आणि दोघांच्याही कपाळाला आठ्या पडल्या. वाटेतल्या एका मिस्त्रीनं चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल काढून बघितलं होतं. इंजिन बंद पडलं नाही, म्हणून अल्टरनेटर ठीक आहे असं त्यानं सांगितलं.

मामा: डायनामोच्या काळात सगळेच असं बघायचे.

भाची: डायनामोचा काळ वेगळा होता. अल्टरनेटर बॅटरीला चाळीस अँपिअर देत असताना तिचं टर्मिनल ओढलं, तर रोटरचं चुंबकत्व क्षणात कमी होत नाही. तेवढ्या वेळात व्होल्टेज उसळी मारतं, कित्येक पटींनी. डायोड जातात, रेग्युलेटर जातो, नव्या गाडीत इंजिनचा कॉम्प्युटर जातो. आणि या जीपमध्ये तर त्या चाचणीला अर्थच नाही. यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन आहे. बंद करायची सोलेनॉइड सोडली तर त्याला चालायला वीज लागते कुठं? अल्टरनेटर काढून बाजूला ठेवला तरी ते फिरत राहील.

मामा: खरं आहे. माझ्या गाळ्यात कुणी टर्मिनलला हात लावला तर मी हातावर मारतो.

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची ही सवय आजही रस्त्यावर टिकून आहे, आणि ज्या गाड्यांना ती सर्वांत जास्त धोक्याची आहे त्यांच्यावरही ती वापरली जाते. चालत्या इंजिनात टर्मिनल काढणारा हात मालकानं तिथल्या तिथं थांबवावा. त्यात संकोच नको.

सगळ्या वायरी परत जोडून जीप सुरू केली. रिकाम्या गतीवर बॅटरीच्या टोकांवर १३.२ व्होल्ट. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर बंद गाडीत १२.६ दिसायला हवेत, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामीच. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. तेव्हा १३.२ वर कुणी म्हणेल, थोडं कमी आहे, पण चार्जिंग तर होतंय. भाचीनं इंजिनची गती दीड-दोन हजारांवर ठेवायला सांगितली, हेडलाइट आणि ब्लोअर लावले. आकडा १२.७ वर घसरला. चांगल्या अल्टरनेटरनं या ओझ्याखाली साडेतेराच्या वर राहायला हवं. मग तिनं मीटर एसीवर फिरवला. ०.९.

मामा: हे काय?

भाची: अल्टरनेटरच्या आत एसीच तयार होते, मामा, तुम्हाला मी काय सांगणार. डायोड तिची डीसी करतात. एक डायोड गेला की एसीची लाट बाहेर गळते. चांगल्या गाडीत ती ०.१ च्या आत असते. अर्ध्या व्होल्टच्या वर गेली की डायोडवर बोट ठेवायचं. रेडिओत इंजिनच्या गतीबरोबर चढणारी कुईकुई ऐकू येते ना, ती हीच.

मामा: माझ्या मीटरवर एसी लावली तर पंचवीस-तीस दाखवतं.

भाची: स्वस्त मीटर डीसीला अडवत नाहीत, तिलाच एसी समजून भलताच आकडा देतात. पिना उलट केल्या की शून्य दाखवतील. असा मीटर या कामाला नाही चालत.

डायोडचा इतका विषय निघतो, कारण गाडीत अल्टरनेटर आला तोच डायोडमुळे. एसी निर्माण करणारं यंत्र फार जुनं. पण बॅटरीला डीसी लागते, आणि इंजिनच्या उष्णतेत तग धरणारा, स्वस्त, बोटाच्या पेराएवढा सिलिकॉन डायोड मिळेपर्यंत मोटारी डायनामोवरच चालत होत्या. अमेरिकेत क्रायस्लरनं १९६० च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर दिला आणि मग तो जगभर पसरला. डायनामो रिकाम्या गतीवर जवळजवळ काहीच देत नसे. अल्टरनेटरची पुली इंजिनच्या अडीच-तीन पट वेगानं फिरते, त्यामुळे सिग्नलवर थांबलेल्या गाडीतही चार्जिंग चालू राहतं. आपल्याकडे हा बदल सावकाश आला. मामांसारख्यांनी दोन्ही यंत्रं हाताळली, आणि हे भाग्य भाचीच्या पिढीला मिळालेलं नाही.

आवाजावरून दोघांचं थोडक्यात भागलं. सकाळी सुरू करताना किंचाळणारा आणि नंतर गप्प होणारा बेल्ट सैल असतो किंवा गुळगुळीत झालेला असतो. सतत घरघर असेल तर बेअरिंग. मामा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या अंगावर आणि मूठ कानाशी धरून ते सांगतात, आणि भाचीला याहून चांगला मार्ग माहीत नाही. नव्या डिझेल गाड्यांतल्या एका दिशेनं मोकळ्या फिरणाऱ्या पुलीबद्दल मात्र तिनं बजावलं: ती आतून घसरायला लागली तर बेल्ट ठीक दिसतो, अल्टरनेटरही ठीक असतो, फक्त फिरत नाही पुरेसा.

खरा वाद वायरवरून झाला.

भाची: अल्टरनेटर काढायच्या आधी मीटरचं एक टोक बी प्लसच्या बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर ठेवायचं. इंजिन चालू, दिवे-ब्लोअर चालू. ०.३ व्होल्टच्या आत फरक हवा. तसंच अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह, तिथं ०.२ च्या आत. दोन मिनिटांचं काम आहे.

मामा: आणि वायर दिसायला चांगली असेल तर?

भाची: दिसण्यावर काही नाही. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली ती हॅचबॅक आठवते? बॅटरी नवी, अल्टरनेटर नवा, तरी बॅटरीवर १३.१ च. अल्टरनेटरच्या बोल्टवर १४.४. सव्वा-दीड व्होल्ट वायरमध्ये जात होते. अल्टरनेटर आपल्या टोकाचं व्होल्टेज बघतो; त्याला वाटतं काम झालं. बॅटरी कायम अर्धपोटी. लगच्या आत तांब्याच्या तारा हिरव्या झाल्या होत्या, वरून रबरी टोपी घातलेली.

मामा: ती लग मीच कापली.

भाची: कापली तुम्ही, पण ती कापायची हे कळलं फरक मोजल्यावर. त्याआधी त्यांचे दोन भाग बदलून झाले होते.

मामांना हे फारसं आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, की मुरलेला माणूस वायर वाकवून बघतो, लग चाचपतो, चालू गाडीत ती तापते का बघतो. ते करतात, आणि म्हणून त्यांच्याकडून अशी गाडी परत जात नाही. पण कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर अशा किती गाड्यांच्या वायरी आतून सडत गेल्या असतील, याचा विचार केला की मला भाचीचा आग्रह जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळ्या गाळ्यांत मामा नसतात. दोन टोकांमधला फरक मोजायला कुणालाही शिकवता येतं.

जीपची वायर ठीक निघाली: ०.१५. आता अल्टरनेटर उतरवायला हरकत नव्हती. तो उघडल्यावर मात्र मामांच्या बोलण्याला वजन आलं. आत काळा, तेलकट चिखल. या जीपमध्ये अल्टरनेटरच्या पाठीमागेच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो, एकाच शाफ्टवर. पंपाला इंजिनचं ऑइल मिळतं. मधलं सील झिजलं होतं आणि ऑइल थेंबाथेंबानं अल्टरनेटरमध्ये येत होतं. कार्बनची भुकटी त्यात कालवली गेली होती. स्लिप रिंगवर चर पडले होते, कार्बन अर्धे झिजलेले.

मामा: तुझा मीटर म्हणाला डायोड गेला. का गेला, ते म्हणाला का?

भाची: टर्मिनल ओढल्यामुळे गेला असेल.

मामा: असेल. पण डायोडच्या पट्टीला गार राहायला हवा लागते. तिच्यावर हा थर बसल्यावर ती गार कशी राहील? नुसती पट्टी बदलून दिली असती तर पुढच्या उन्हाळ्यात परत आली असती.

भाची: सील बदलायला हवंच. पण ऑइलमुळेच गेला हे सिद्ध होत नाही.

मामा: सिद्ध नाही झालं तरी ऑइल बंद करायचं.

डायोड नेमका कशानं गेला, यावर ते दोघे शेवटपर्यंत भांडत राहिले आणि माझ्या मते ते भांडण निकाली निघण्यासारखं नव्हतं. दोन्ही कारणं समोर होती. दोन्ही दूर करणं हातात होतं. बाहेरून घेतलेले सगळे आकडे बरोबर आले तरी हे ऑइल त्यांत दिसलं नसतं. आणि नवा अल्टरनेटर आणून बसवणाऱ्यानं जुना उघडला नसता, तर नव्यातही तेच ऑइल गेलं असतं.

एक हिशेब मात्र मला मनापासून आवडला. भाचीनं रोटरच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजला: ३.६ ओहम. बॅटरीचे साडेबारा व्होल्ट. त्यातले दीडेक डायोड आणि रेग्युलेटरमध्ये खर्च होतात. उरलेल्या ११ ला ३.६ नं भागलं की ३ च्या जरा वर येतात. सकाळी क्लॅम्प मीटरनं ३.१ दाखवले होते. म्हणजे चोरी सगळी इथंच होती, दुसरीकडे काही शोधायचं राहिलेलं नव्हतं. आणि या तीन अँपिअरची तीस-पस्तीस वॅट उष्णता तयार होते. मामांच्या हाताला सकाळी तीच लागली होती.

दुरुस्ती की नवा, हा वाद सोपा नाही. मामांच्या मते डायोड पट्टी, कार्बन, दोन्ही बेअरिंग, सील, स्लिप रिंगला लेथवर हलका हात, एवढ्यात यंत्र नव्यासारखं चालतं आणि नव्याच्या किमतीच्या लहानशा भागात. भाचीचा आक्षेप सुट्या भागांच्या दर्जावर होता. बाजारातल्या स्वस्त पट्टीतले डायोड गाडी तापल्यावर टिकत नाहीत, सोल्डर सुटतं, आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाईक पुन्हा तिथंच. नव्या युनिटला निदान कुणीतरी हमी देतं.

मामा: म्हणून मी पट्टी चांगल्या कंपनीची घेतो आणि बसवून झाल्यावर बेंचवर फिरवून बघतो.

भाची: सगळे नाही बघत.

मामा: मग न बघणाऱ्याकडे जाऊ नये.

या जीपपुरतं मी मामांच्या बाजूनं आहे. दोष सापडला होता, कारण दिसलं होतं, भाग मिळत होते. ज्या गाडीत वाइंडिंग जळून काळं पडलंय किंवा रोटर अंगाला घासलाय, तिथं नवा किंवा कारखान्यात पुन्हा बांधलेला घ्यावा.

नव्या गाड्यांकडे बोलणं वळलं, तेव्हा मामा जरा गप्प झाले. तिथं अल्टरनेटरचं व्होल्टेज इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरीच्या निगेटिव्हवर बसवलेला सेन्सर तिची अवस्था कळवतो. गाडी वेग घेत असताना अल्टरनेटर जवळजवळ मोकळा सोडला जातो, उतारावर किंवा ब्रेक लावताना व्होल्टेज वाढवून बॅटरी भरली जाते. अशा गाडीत क्षणभर १२.६ दिसले म्हणून अल्टरनेटर गेला असं म्हणता येत नाही, आणि उतारावर १५ च्या जवळ गेले म्हणून रेग्युलेटर गेला असंही नाही.

मामा: मग तुम्ही स्कॅनर लावता आणि तो सांगतो?

भाची: तो सांगतो पी ०५६२. म्हणजे व्होल्टेज कमी आहे. अंगात ताप आहे एवढंच सांगितल्यासारखं ते. कशामुळे, हे नाही. व्होल्टेज कमी झालं की एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, सगळ्यांचे दिवे लागतात आणि सगळ्यांचे कोड साठतात. नवशिका पोरगा मग एबीएसचा सेन्सर बदलायला काढतो. आधी व्होल्टेज नीट करायचं, कोड पुसायचे, मग उरतील ते खरे.

मामा: आणि कॉम्प्युटर अल्टरनेटरला किती मागतोय हे दिसतं का?

भाची: दिसतं. मागणी १४.२ ची आहे आणि मिळतायत १२.८, तर दोष अल्टरनेटर किंवा त्याच्या वायरमध्ये. मागणीच १२.८ ची असेल तर अल्टरनेटर नीट ऐकतोय.

मामा: हे चांगलं आहे. हे मला दाखव एकदा.

मी मध्येच माझा प्रश्न विचारला. रत्नागिरीला जाताना आंबा घाटात रात्री तो लाल दिवा लागला, तर गाडी किती चालेल?

भाचीनं बोटांवर हिशेब केला. दोन हेडलाइट ५५ वॅटचे, मिळून ९ अँपिअर. ब्लोअर पूर्ण जोरात १५ च्या आसपास. वायपर ४-५. इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर, पंप मिळून १० ते १५. सगळे मिळून चाळीस धरले आणि बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असली, तरी तासभर मिळणार नाही. इतक्या जोरानं उपसल्यावर बॅटरी तिच्यावर लिहिलेलं सगळं देत नाही. एसी, ब्लोअर, गाणी, फोनचं चार्जिंग बंद केलं तर थोडा जास्त वेळ. इंजिन बंद करायचं नाही, कारण पुन्हा सुरू होणार नाही.

मामा: थांब. आधी दिवा कशानं लागला ते बघायचं. बेल्ट तुटून लागला असेल आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल, तर लगेच कडेला घ्यायचं. इंजिन तापून बसेल. आणि या जीपसारखी गाडी असेल तर बेल्टबरोबर व्हॅक्यूम पंपही गेला. दोन-चारदा ब्रेक मऊ लागेल, मग दगडासारखा. घाट उतरताना वेळ मोजत बसायचं नाही, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू सुरक्षित जागी आणायची.

भाचीनं मान डोलावली. तिच्या हिशेबात ब्रेक नव्हता.

संध्याकाळपर्यंत अल्टरनेटर परत बसला. डायोड पट्टी, कार्बन, बेअरिंग, सील, नवा बेल्ट. बॅटरी पुन्हा उतरलेली होती, आणि ती तशीच जोडून गाडी पळवायला ड्रायव्हर तयार होता. मामांनी नकार दिला. उतरलेली बॅटरी अल्टरनेटरकडून पूर्ण जोरात करंट ओढते, तासन्‌तास. ते काम चार्जरचं आहे. शिवाय एक घर मेलेली बॅटरी, पूर्ण चार्ज करूनही साडेदहा-अकरावर अडकणारी, नव्या अल्टरनेटरलाही जाळते. म्हणून तीही चार्ज करून तपासली. १२.६ वर टिकली, बॅटरी चांगली होती. जुनीही कदाचित बदलायलाच नको होती.

मग भाचीनं सकाळचेच आकडे त्याच क्रमानं पुन्हा घेतले. किल्ली काढलेली: ०.०२ अँपिअर. किल्ली चालू: दिवा लागला. इंजिन चालू: विझला. रिकाम्या गतीवर १४.१, सगळं ओझं टाकून १३.८. एसी ०.०४. मामांनी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सकाळचा आणि संध्याकाळचा असे दोन रकाने आखले आणि सगळे आकडे आपल्या हातानं लिहिले. त्याखाली लिहिलं: नवा बेल्ट सैलावतो, आठ दिवसांनी ताण बघायला आणणे, व्हॅक्यूम पंपापाशी ऑइल दिसलं तर त्याआधीच. बदललेली डायोड पट्टी आणि जुने कार्बन पिशवीत घालून त्यांनी ड्रायव्हरच्या हातात दिले.